डुलोबा पडला, अशी तक्रार आहे

खेळण्याच्या खोक्यावर मागच्या बाजूला, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक फोन नंबर छापलेला असतो. खेळणं नीट चाललंय तोवर तो कुणाला दिसत नाही. मोडलं, की घरातला कुणीतरी चष्मा लावून तो वाचतो आणि फोन करतो. आमच्या कंपनीच्या त्या नंबरावर पलीकडून "नमस्कार, बोला" म्हणणारी बाई म्हणजे मी. मागच्या वर्षी निवृत्त झाले. आता तिथे एक मशीन बोलतं. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. त्या मशीनचा आवाज माझ्यापेक्षा गोड आहे, हे मी मान्य करते.

कारखाना चाकणला. आजूबाजूला सगळ्या गाड्यांच्या आणि गाड्यांच्या पार्टच्या कंपन्या. कंपनीच्या बसची वाट बघत उभं असताना कुणी विचारायचं, "ताई, कुठं कामाला?" मी म्हणायचे, "खेळण्यांच्या कंपनीत." की समोरचा हसायचाच. गिअरबॉक्स बनवणारा माणूस महत्त्वाचा आणि भोवरे बनवणारी बाई गंमतीची, असा लोकांचा समज असतो. मी वाद घालत नसे. मुलाच्या हातातून खेळणं काढून घेऊन बघा, मग कळेल महत्त्वाचं काय ते.

मी मुळात लाइनवर होते, जोडणीला. आमच्या वस्तीत भीमजयंतीच्या कार्यक्रमाचं निवेदन दरवर्षी मी करायचे. आमचे एक साहेब एकदा तिथे पाहुणे म्हणून आले, माझा आवाज ऐकला आणि दुसऱ्याच आठवड्यात मला लाइनवरून उचलून फोनपाशी बसवलं. तक्रार विभाग म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, कानाला लावायचा हेडफोन आणि मी. काम शिकवायला कुणी नव्हतं. माझं मीच शिकले. पहिला धडा असा, की फोन करणाऱ्याला आधी रिकामं होऊ द्यायचं. दुसरा असा, की "पण" हा शब्द वापरायचा नाही. "तुमचं बरोबर आहे, पण" म्हटलं की माणूस उसळतो. तिसरा धडा मला उशिरा कळला. तक्रार करणारा माणूस नाराज असतो, पण तो अजून आपला असतो. ज्याचं मन उडालं तो फोनच करत नाही.

लोक काय काय सांगायचे! एका बाईंनी तक्रार केली, की तुमची बाहुली आमच्या मांजराकडे टक लावून बघते, मांजर जेवत नाही. मी त्यांना बाहुलीचं तोंड भिंतीकडे करून ठेवायला सांगितलं. दोन दिवसांनी फोन आला, मांजर जेवलं. देहूच्या एका आजोबांनी तर तक्रार म्हणून फोन केला आणि डुलोबाचा भेद विचारला. नातवाशी त्यांची पैज लागली होती, डुलोबा आडवा करून दाखवायची. सकाळपासून खटपट चालली होती म्हणे. "बाई, ह्यो आडवाच होईना. नातू हसतोय मला. काय भानगड हाय ती तरी सांगा."

तर हा डुलोबा. आमच्या कंपनीचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त खपणारं खेळणं. गोल पोटाचा, फेटेवाला, मिशाळ गडी. पाय नाहीत, हात नुसते पोटावर रंगवलेले. आडवा पाडला की डुलत डुलत पुन्हा उभा राहतो आणि पोटातली घंटी किणकिणते. भेद काहीच नाही. बुडाशी एक लोखंडी वजन चिकटवलेलं असतं. सगळा भार तळाला, वरचं अंग पोकळ, त्यामुळे पडला तरी तो पडून राहू शकत नाही. आमच्या लाइनच्या शेवटी इंदूबाई बसायच्या. चाकणजवळच्याच गावच्या, सासर-माहेर दोन्ही तिथलंच. त्यांचं काम एकच. येईल तो डुलोबा टेबलावर पाडायचा आणि सोडायचा. उठला तर पास. उठला नाही, की वजन सुटलंय. मग तो रिजेक्टच्या क्रेटमध्ये. इंदूबाई म्हणायच्या, "मी दिसभर लोकास्नी पाडती आन् उठवती. माझ्यावानी काम देवाचंच."

अशा ह्या डुलोबावर कंपनीने सिनेमा काढायचं ठरवलं.

पुण्यातल्या एका स्टुडिओला काम दिलं. दिग्दर्शक म्हणून निखिल नावाचा मुलगा आला. मुलगा म्हणते, पण तिशी ओलांडलेला होता. संत तुकाराम नगरात राहायचा, आमच्याच भागात. सुरुवातीला तो आठवडाभर कारखान्यात येऊन लाइनवर स्टूल टाकून बसला होता. डुलोबा कसा कलंडतो, किती डोलतो, शेवटी कसा थरथरून स्थिर होतो, याची चित्रं काढायचा. बायकांना "मावशी, अजून एकदा पाडा ना" म्हणायचा. इंदूबाई त्याला डब्यातली भाकरी द्यायच्या. आम्ही सगळ्या "कार्टूनचा सिनेमा" म्हणायचो आणि तो दर वेळी न चुकता "ॲनिमेशन" म्हणून दुरुस्त करायचा.

सिनेमा लागला. पहिल्या दिवशी डीलर लोकांसाठी आणि साहेबांसाठी खास खेळ होता, दुसऱ्या दिवशी थिएटरांत सगळीकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर बसले, हेडफोन लावला आणि जो फोन सुरू झाला तो थांबेचना.

खरं तर तो नंबर खेळण्यांच्या तक्रारीचा. सिनेमाच्या तक्रारीचा नव्हे. पण लोकांना दुसरा नंबर कुठे माहीत होता? थिएटरवाले ऐकून घेत नाहीत. स्टुडिओ कुठे आहे ते ठाऊक नाही. घरात डुलोबाचं खोकं होतं, त्याच्या बुडाशी आमचा नंबर होता.

निगडीच्या एका बाई म्हणाल्या, "डुलोबाला पाय कशाला दिलेत? मुलगी घरातल्या डुलोबाला उलटा करून पाय शोधतेय." कुणी म्हणालं, तो किती बडबडतो, आमचा तर कधी बोलत नाही. कुणी म्हणालं, दुसरा अर्धा भाग संपता संपेना, आम्ही पॉपकॉर्न दोनदा आणले. ह्या सगळ्याला मी "तुमचं म्हणणं पोचवते" म्हणत होते. पण सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी होते. मध्यंतराच्या जरा आधी डुलोबा पडतो. नुसता पडत नाही, पडून राहतो. ज्या गाणाऱ्या मंडळींबरोबर तो गावोगाव फिरतो, ती त्याला सोडून जातात, पाऊस येतो, आणि तो चिखलात आडवा. पडदा काळा होतो. मध्यंतर.

थिएटरांत मुलांनी भोकाड पसरलं. ज्याच्याबद्दल एकच गोष्ट खात्रीने ठाऊक होती, की तो पडून राहत नाही, तो पडून राहिला. आया मुलांना उचलून बाहेर आल्या, पाणी पाजलं, आणि पुष्कळ जणी परत आतच गेल्या नाहीत. घरी आल्या आणि मला फोन लावला.

भोसरीच्या एका बापाचा फोन मला अजून आठवतो. वर्कशॉपमध्ये काम करणारा माणूस. आवाज चढलेला. "ताई, ओव्हरटाइम सोडून पोरांना घेऊन गेलो राव. वर्षातनं एकदा जातो आम्ही पिक्चरला. आणि धाकटं पोरगं रडून रडून ओकलं. तुमच्या साहेबाला सांगा, पोरांचा पिक्चर काढतोय का सूड काढतोय?" मी त्याला रिकामं होऊ दिलं. शेवटी तोच म्हणाला, "तुमचा काय दोष त्यात. चहा-बिहा घेतला का?"

मार्केटिंगच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, सिनेमाच्या फोनची नोंद ठेवू नका, आपला तो विषय नाही. वर कुजबुज सुरू झाली, की आता डुलोबाचा खपही बसणार, लाइन कमी करायला लागणार. लाइनवरच्या बऱ्याच जणी ठेकेदारामार्फत. त्यांना काढायला चिठ्ठीसुद्धा लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत इंदूबाई माझ्या टेबलापाशी आल्या. "शैलाताई, खरं सांगा. पिक्चर पडला म्हंजी आमी बी पडलो का?" मला उत्तर माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

आणि ह्या सगळ्या गदारोळात रोज एक फोन स्तुतीचा यायचा.

पहिल्या दिवशी निगडीच्या कुलकर्णी होत्या. "सिनेमा फार सुंदर आहे बरं का! डुलोबाचे डोळे बघितलेत का? डोळ्यांत जीव आहे हो. ज्याने काढलाय त्याला आवर्जून सांगा." मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या पाटीलबाई. त्यांनाही डोळे आवडले होते, डोळ्यांत जीव होता आणि ज्याने काढलाय त्याला आवर्जून सांगायचं होतं. तिसऱ्या दिवशी हिंदीतून फोन आला. "मैं शर्मा बोल रही हूँ. हमको तुमचा पिक्चर बहोत आवड्या. डुलोबा के डोळे में जान है." मी हेडफोन हाताने झाकून हसून घेतलं. फोन करणाऱ्याचा नंबर कॉम्प्युटरवर दिसतो, हे त्या माउलीच्या गावीही नव्हतं. कुलकर्णी, पाटील आणि शर्मा तिघींचा नंबर एकच.

मी काही बोलले नाही. माणूस एवढी मेहनत घेऊन खोटं बोलत असेल, तर त्यामागे काहीतरी खरं असतं. चौथ्या दिवशी चिंचवडच्या जाधव बोलत असताना मध्येच फोन तोंडापासून लांब गेला आणि मागे दारावर थाप वाजली. "निखिल, अरे दार उघड. ताट वाढलंय. कालपासून नीट जेवला नाहीस." मग आवाज पुन्हा जवळ आला. "हां, तर मी काय म्हणत होते..."

मी विचारलं, "ताई, निखिल जेवला का?"

मला वाटलं, फोन ठेवला. मग अगदी लहान आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्ही ओळखता त्याला?"

"ओळखते. आमच्या लाइनवर बसून चित्रं काढायचा. इंदूबाईंच्या भाकऱ्या खायचा."

"भाकऱ्यांचं सांगायचा तो," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

त्यांचं नाव मंदाताई. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत होता. कंपनी बंद पडली तेव्हा निखिल शाळेत. वडील काही वर्षांपूर्वी गेले. घरात मायलेक दोघंच. सिनेमा लागल्यापासून मुलगा खोलीचं दार लावून मोबाइलवर लोकांच्या शिव्या वाचत बसला होता. मंदाताईंनी हिशेब असा केला, की कंपनीत रोज कौतुकाचे फोन गेले, तर कंपनी कधीतरी ते त्याला कळवेल. आईने सांगितलेलं त्याला खरं वाटत नव्हतं. कुलकर्णीबाईंचं वाटलं असतं.

मी विचारलं, "ताई, तुम्हांला स्वतःला कसा वाटला?"

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "लांबलाय हो जरा." आणि लगेच, "त्याला नका सांगू."

त्या रविवारी कामावरून सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि हे माझ्या कामातही बसत नव्हतं. दोन गल्ल्या सोडून घर होतं, चालत गेले. मंदाताईंनी दार उघडलं. ठेंगणी, नीटनेटकी बाई, पदराला हात पुसत. मला बघून आधी घाबरल्या, मग हात धरून आत घेतलं. निखिल बाहेर आला तो दाढी वाढलेला. मला ओळखून हसायचा प्रयत्न केला.

"मावशी, तुम्ही पण शिव्या द्यायला आलात?"

"मी कशाला देऊ? माझ्याकडे दुसऱ्यांच्याच शिल्लक आहेत. येऊन घेऊन जा."

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. कुणी डुलोबाचा चिखलातला फोटो टाकून खाली काहीबाही लिहिलेलं. कुणी म्हणे, खेळणी विकायला काढलेली जाहिरात. कुणी एक तारा दिलेला, तोही नाइलाजाने दिला असं लिहून. मी ते परत केलं. "हे लोक तुझ्याशी बोलत नाहीयेत, आपापसांत गंमत करतायत. माझ्याकडे फोन करणारे लोक बोलतात. त्यांना उत्तर हवंय. मला ते देता येत नाही, कारण डुलोबा का पडला हे मला माहीत नाही. तू का पाडलास त्याला?"

त्याने मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "पाय आणि बडबड साहेब लोकांची. पडणं माझं." आणि आईकडे न बघता म्हणाला, "बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा जो तो येऊन सांगायचा, उठा, असं बसून कसं चालेल. ते बसून होते, भिंतीकडे बघत. मला वाटायचं, बसू दे ना थोडं. माणूस पडतो, काही दिवस पडून राहतो. त्यात वाईट काही नाही. नंतर उठले ते, शाळेची व्हॅन चालवली. पण ते मधले दिवस... ते मला दाखवायचे होते. वाटलं, डुलोबाला जमलं तर मुलांना कळेल."

मंदाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सिनेमा त्यांनी तीनदा पाहिला होता, पण हे त्यांना माहीत नसावं. त्या आत गेल्या आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी निखिल आमच्या कंपनीच्या बसने चाकणला आला. साहेबांची परवानगी वगैरे मी काढली नाही. माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ठेवली आणि दुसरा हेडफोन जोडला. तो दुसरा कशासाठी दिलेला होता, ते तोवर मला कळलेलं नव्हतं.

पहिलाच फोन मोशीहून. एक आई. म्हणाली, मुलीला तुमच्याशीच बोलायचंय, ऐकतच नाही. मी निखिलकडे बघितलं. त्याने मान हलवली, नको म्हणून. मी बटण दाबून फोन त्याला दिला.

"डुलोबा का पडला?" आवाज पाच-सहा वर्षांचा, चिडलेला.

"त्याला... त्याला खूप वाईट वाटलं होतं," निखिल म्हणाला.

"मग? आमच्या पण डुलोबाला वाईट वाटतं. तो पडत नाही."

"त्याला कधी वाईट वाटतं?"

"मी शाळेत गेल्यावर."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो नंतर उठला. तुम्ही निघून गेलात ना, म्हणून तुला दिसलं नाही."

"मला मम्मीने आणलं. मी नव्हते येत." मग जरा थांबून, "कसा उठला?"

त्याने सांगितलं. चिखल वाळतो, ऊन येतं, आणि डुलोबा आधी एवढासा हलतो. मग थोडा जास्त. मग पुन्हा मागे जातो. निखिल हाताने डोलवून दाखवत होता, जणू ती मुलगी समोर बसली होती. फोनमध्ये हूं की चूं नव्हतं.

"कोणी उठवला?"

"कोणी नाही. आपला आपणच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी निखिलने घरी जायचं नाव काढलं नाही. आलेले फोन घेतलेच, शिवाय आधीच्या लोकांना आम्ही उलट फोन लावले. सगळेच काही गोड नव्हते. एका बाईंनी त्याला म्हटलं, मुलांच्या मनाशी खेळ केलात. त्याने "हो, चुकलंच" म्हटलं. भोसरीच्या त्या बापाला त्याने सांगितलं, "दादा, मध्यंतराला पाडायला नको होता. पाडला असता आणि लगेच पुढचं दाखवलं असतं, तर पोरगं थांबलं असतं. हे मला आधी सुचलं नाही." तो माणूस म्हणाला, "असू दे भावा. आमच्याकडे पण कधी कधी अख्खी बॅच रिजेक्ट जाते." मला वाटलं, निखिलला मोबाइलवरच्या हजार लोकांनी जे दिलं नाही, ते ह्या एका माणसाने दिलं. त्याने त्याला आपल्यासारखा काम करणारा मानलं.

जेवायच्या सुट्टीत लाइनवरच्या बायका त्याला बघायला आल्या. इंदूबाईंनी त्याची दाढी बघून कपाळाला हात लावला. मग विचारलं, "कवा उतरतोय रं तुझा पिक्चर?"

"गुरुवारी शेवटचा खेळ, मावशी."

"आन् आमी बघितलाच न्हाई की!"

हे मला लागलं. साहेबांना दाखवला, डीलरांना दाखवला, त्यांच्या बायकामुलांना दाखवला. ज्या बायकांनी आयुष्यभर डुलोबाच्या पोटात वजन चिकटवलं, त्यांना बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

गुरुवार म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी. चिंचवडच्या थिएटरात दुपारचा खेळ. चाकणहून दोन टमटम भरून बायका आल्या. कुणी पोरांना आणलं, कुणी सासूला. मंदाताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. निखिल शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात. आम्ही सोडून अख्ख्या थिएटरात एक कॉलेजातलं जोडपं होतं, आणि त्यांना सिनेमाशी काही कर्तव्य नव्हतं.

पडद्यावर डुलोबा आला आणि शिट्टी वाजली. कुणी वाजवली ते मला माहीत आहे, पण तिच्या सासूबाई हे वाचतील म्हणून नाव सांगत नाही. मग सगळ्या बायका बोलायलाच लागल्या. "फेट्याचा रंग बरोबर घेतलाय बघ." "मिशी जरा वर गेलीय." पाय दिसले तेव्हा हास्याचा कल्लोळ. "अगं बया, ह्याला पाय फुटले! पायाचा साचा कोणी बनवला?" डुलोबा बडबडायला लागला की, "गप की रे मेल्या."

आणि मग तो पडला. पाऊस, चिखल, अंधार. मी निखिलकडे पाहिलं, त्याने डोळे मिटून घेतले होते. थिएटर गप्प झालं. एका पोराचा रडण्याचा पहिला हुंदका आला. आणि त्या शांततेत इंदूबाईंचा खणखणीत आवाज:

"वजन सुटलं ह्याचं!"

पलीकडून दुसरी ओरडली, "हा पास कोणी केला गं? इंदूबाई, तुम्हीच का?"

"माझ्या हातनं न्हाई गेलेला! नाइट शिफ्टचा आसंल!"

हशा असा फुटला की रडणारं पोरही बावचळून हसायला लागलं. मागे वळून पाहिलं तर निखिल पोट धरून वाकला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. त्याची आई त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती, ठसका लागल्यावर मारतात तशा.

मध्यंतरानंतर कुणी उठून गेलं नाही. दुसरा भाग लांबलाच. दोघी-तिघी झोपल्या. पण डुलोबा उठायची वेळ आली तेव्हा बाजूच्यांनी त्यांना हलवून जागं केलं. तिथे निखिलने एक गोष्ट केली होती, जी मला फोनवरून कधीच कळली नसती. संगीत सगळं बंद. फक्त चिखल वाळल्याची चरचर, आणि मग पोटातली घंटी, एकदा. आमच्या लाइनवर जो आवाज दिवसभर असतो, बरोबर तोच. इंदूबाई माझा हात धरून पुटपुटल्या, "आपलीच हाय ती. आपल्या लाइनवरनंच घेतलीय ह्यानं." आणि डुलोबा एकदा डोलला, मागे गेला, पुन्हा डोलला. उठेपर्यंत कुणी बोललं नाही. उभा राहिला तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. इंदूबाईंनी फक्त समाधानाने म्हटलं, "पास."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. सिनेमा त्या संध्याकाळी उतरला तो उतरलाच. डुलोबाचा पुढचा सिनेमाही निघायचा होता, तो कंपनीने रद्द केला. लाइन मात्र वाचली. डुलोबाचा खप थोडा बसला आणि दिवाळीला पुन्हा जागेवर आला. मुलांनी सिनेमातला डुलोबा वेगळा आणि घरातला वेगळा, असा न्याय करून टाकला होता. साहेबांनी मला बोलावून विचारलं, बाहेरच्या माणसाला फोनवर कुणाला विचारून बसवलंत. मी म्हटलं, कुणालाच नाही. निखिल आता एका कॉलेजात ॲनिमेशन शिकवतो आणि फावल्या वेळात स्वतःचं काहीतरी काढत असतो. काय ते सांगत नाही.

पण त्या दिवशीचं एवढं राहिलं. सिनेमा सुटल्यावर आम्ही सगळ्या समोरच्या टपरीवर चहाला थांबलो. बायका टमटमने चाकणला गेल्या, मागे आम्ही तिघं उरलो. निखिल वडापाव खात होता, दुसरा की तिसरा. मंदाताई कप हातात धरून बसल्या होत्या, पीत नव्हत्या. अचानक म्हणाल्या, "निखिल, दुसरा भाग लांबलाय रे."

निखिलने घास गिळला आणि आईकडे बघितलं. "हे तू आज सांगतेस? तीनदा बघितलास ना?"

"तू दार उघडलंस कुठे? आणि लोक शिव्या देत असताना मी पण देऊ का?" मग एकदा सुरुवात झाल्यावर त्या थांबेचनात. बाजाराचं सगळं काढ. तो कावळा दोनदा तेच बोलतो. डुलोबा डोंगर चढतो ते किती वेळ चढतो, मला इथे धाप लागली. त्यांना एकेक प्रसंग क्रमाने पाठ होता. "आणि ते नदीवरचं गाणं—"

"आई, ते गाणं चांगलं आहे."

"गाणं चांगलंच आहे. पण तिथे नको."

निखिलने हातातला वडापाव कागदावर ठेवला. खुर्ची ओढून आईच्या समोर बसला.

"मग कुठे?"